बिलिंग-स्टॉकसाठी डेटाबेस कोणता घ्यावा? पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर की ओरॅकल?

हिशेबवही
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण ऑफिसात या एका विषयावर तीन मीटिंगा झाल्या आणि अजून काही ठरत नाहीये.

परिस्थिती अशी आहे की आमचं बिलिंग, स्टॉक आणि खाती सगळं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९ वर चालतं. सुरुवातीला फुकट म्हणून घेतलं आणि इतकी वर्षं खरंच काही त्रास झाला नाही. पण या २०१९ च्या एक्सप्रेसला एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि आम्ही ९.३ वर आलोय. मागच्या महिन्यात कुणीतरी जुना डेटा चाचणीसाठी परत भरायला घेतला आणि १०२४० एमबीची लायसन्स मर्यादा ओलांडली जाईल असा एरर समोर आला, तेव्हा सगळे जागे झाले.

एका वेळी साधारण ६० लोक कामाला असतात, दोन गोदामं, दिवसाला हजारेक बिलं. महिनाअखेरीला रिपोर्ट काढायला सगळे एकदम तुटून पडतात. टीममध्ये आम्ही चौघं, पूर्णवेळ डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) कुणीच नाही. वेबसाइट मायएसक्यूएलवर आहे म्हणून एक गट म्हणतो सगळं तिकडेच न्या, डेव्हलपर म्हणतात पोस्टग्रेस, मॅनेजर म्हणतात पैसे भरून एसक्यूएल सर्व्हरचं स्टँडर्ड एडिशन घेऊन मोकळे होऊ, आणि एका सल्लागाराने ओरॅकल सुचवलंय. इंटरनेटवरचे तुलनेचे तक्ते वाचून डोकं भणाणलंय, सगळीकडे हिरव्या टिकांच्या रांगा आणि सगळ्यांना सगळं येतं. ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

कोडकिडा
ॲप कशात लिहिलंय? आणि स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसच्या आतच साठवलेले छोटे प्रोग्राम) किती आहेत? बाकी कशाहीपेक्षा आधी हे सांगा.

हिशेबवही
डॉटनेट. प्रोसिजर मोजल्या, ७० निघाल्या. त्यातल्या काही आमच्यापैकी कुणीच लिहिलेल्या नाहीत, आधीच्या लोकांच्या आहेत.

जुनाडीबीए
ताई, मग तुमचा खरा खर्च त्या ७० प्रोसिजरमध्ये आहे, डेटा हलवणं त्यामानाने सोपं.

पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या. हे चारही एकाच घराण्यातले आहेत. आयबीएममधल्या कॉडने १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला, ओरॅकलचं पहिलं विक्रीला आलेलं व्हर्जन १९७९ चं, पोस्टग्रेसचं मूळ बर्कलीतल्या १९८६ च्या प्रकल्पात, मायएसक्यूएल १९९५ चं. टेबल, की, जॉइन, ट्रान्झॅक्शन (बदलांचा गठ्ठा, सगळा पक्का किंवा सगळा रद्द) हे सगळीकडे तेच आणि ६० युजर आणि १० जीबी हा आकार यातल्या कुठल्याही डेटाबेसला जड नाही. म्हणून कोण वेगवान हा प्रश्न तुमच्यापुरता बाजूला ठेवा. तुम्हाला फरक पडणार तो लायसन्स, प्रत्येकाच्या खोडी आणि तुमच्या चौघांपैकी कुणाला काय दुरुस्त करता येतं याने.

लायसन्सचं आधी सांगतो कारण त्यात लोक फसतात. एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड दोन प्रकारे मिळतं, कोअरवर किंवा सर्व्हर अधिक प्रत्येक युजरमागे ॲक्सेस लायसन्स. कोअरने घेतलं तर एका व्हर्च्युअल मशीनला कमीत कमी चार कोअरचं घ्यावंच लागतं, मशीनला दोनच दिलेले असले तरी. डेव्हलपर एडिशन फुकट आहे पण ते प्रॉडक्शनला चालत नाही, टेस्ट सर्व्हरवर हळूहळू खरी कामं सुरू झाली की तुम्ही नियमाबाहेर गेलात.

ओरॅकलचं आणखी बारकाईने बघा. स्टँडर्ड एडिशन २ ला जास्तीत जास्त दोन सॉकेटची मशीन आणि १६ थ्रेड. एंटरप्राइज घेतलं तरी पार्टिशनिंग (मोठं टेबल तुकड्यांत ठेवणं) वेगळं, आरएसी (एकाच डेटावर अनेक मशीन) वेगळं, वेग तपासायचा डायग्नोस्टिक्स पॅक वेगळा. यात एक गोष्ट नवख्याला दिसतच नाही, ती म्हणजे पॅक विकत घेतला नसला तरी एंटरप्राइजमध्ये त्याचं सेटिंग मुळातच चालू असतं. एखाद्याने सहज म्हणून त्या पॅकमधला एडब्ल्यूआर रिपोर्ट काढला की त्याची नोंद फीचर युसेजच्या व्ह्यूमध्ये होते, आणि ऑडिटमध्ये तीच नोंद पुढे येते. इन्स्टॉल केल्यावर माझं पहिलं काम ते सेटिंग बंद करणं हेच असतं.

एवढं सांगूनही मी एक म्हणतो, ओरॅकल उगाच मोठं झालेलं नाही. बँकेसारखा व्याप असेल, एक मशीन बसली तर दुसऱ्याने त्याच डेटावर न थांबता काम करायला हवं असेल, तर त्यांनी ते काम फार पूर्वीपासून करून दाखवलंय. पण डीबीए नसलेल्या चौघांच्या टीमला ओरॅकल सुचवणाऱ्याने तुमच्या रोजच्या कामाचा विचार केलेला नाही असं मला स्पष्ट वाटतं.

गोदामवाला
वरच्या प्रतिसादाला +१

रात्रपाळी
मी पोस्टग्रेसवाला. रात्रीचा सपोर्ट करतो त्यामुळे कोण केव्हा कुठे अडतं ते जवळून बघायला मिळतं.

पोस्टग्रेस घ्या असंच मी म्हणेन, पण त्याची खोड समजून घेऊन. त्यात एखादी ओळ अपडेट केली की जुनी ओळ जागेवरच राहते आणि नवी प्रत लिहिली जाते. जुन्या मेलेल्या ओळी झाडून काढायचं काम व्हॅक्युम करतो, ऑटोव्हॅक्युम आपोआप चालतो, आणि नव्वद टक्के लोकांना त्याचं नावही माहीत असायची गरज पडत नाही. पण एखादं ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं तर ते सुरू झाल्यानंतर मेलेल्या ओळी व्हॅक्युमला हात लावता येत नाहीत, कारण त्या उघड्या ट्रान्झॅक्शनला त्या अजून दिसू शकतात.

आमच्याकडे झालेलं सांगतो. रिपोर्टचं टूल एकाने सकाळी उघडलं, क्वेरी चालवली आणि लॅपटॉप तसाच ठेवून तो रजेवर गेला. त्या टूलमध्ये ऑटोकमिट बंद होतं, म्हणजे ट्रान्झॅक्शन आपोआप मिटत नव्हतं. तीन दिवसांनी रात्री दोन वाजता मला फोन, की बिल सेव्ह व्हायला वीस सेकंद लागताहेत. पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी ही चालू सेशनांची यादी उघडून बघतो तर एक ओळ, स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', सुरुवात तीन दिवसांपूर्वीची. स्टॉकचं टेबल, ज्यात दिवसभर फक्त अपडेटच होतात, ते ४ जीबीचं ३१ झालेलं. ते सेशन मारलं, व्हॅक्युम चालवला, क्वेऱ्या सुधारल्या, पण फुगलेली फाइल तशीच. साधा व्हॅक्युम जागा आतल्या आत परत वापरायला देतो, डिस्कला सहसा परत देत नाही, त्यासाठी व्हॅक्युम फुल लागतो आणि तो टेबलला पूर्ण कुलूप लावतो. ते रविवारी केलं. तेव्हापासून आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट हे सेटिंग मी प्रत्येक सर्व्हरवर पहिल्या दिवशी टाकतो, मुळात ते शून्य म्हणजे बंद असतं.

दुसरं म्हणजे कनेक्शन. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते आणि मूळ मर्यादा १०० ची. ६० माणसं म्हणजे ६० कनेक्शन असं नसतं, ॲपचा पूल, रिपोर्ट, बॅकअप, कुणाचा तरी विसरलेला एडिटर, सगळं धरून शंभरी सहज गाठली जाते. आकडा पाचशे करून टाकण्यापेक्षा पुढे पीजीबाउन्सर बसवा, तो थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देतो.

आणि आवडतं काय विचाराल तर स्कीमा म्हणजे टेबलांच्या रचनेतले बदल ट्रान्झॅक्शनमध्ये होतात. कॉलम वाढवला, डेटा हलवला, तिसऱ्या पायरीला फाटलं, तर रोलबॅक आणि सगळं होतं तसं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ऑल्टर टेबल म्हटलं की तिथल्या तिथे कमिट म्हणजे पक्कं होतं, मग मध्येच फाटलं तर अर्धा जुना अर्धा नवा स्कीमा घेऊन बसायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्येही ही सोय आहे, तेवढं त्याला द्यायला हवं.

कोडकिडा
आयडल इन ट्रान्झॅक्शनबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त एक जोड, सेशन मारताना पीजी बॅकएंड टर्मिनेट हे फंक्शन वापरा, ऑपरेटिंग सिस्टिमवरून किल मायनस नाइन देऊ नका. तसं केलं की बाकीची सगळी कनेक्शनं तुटतात आणि डेटाबेस रिकव्हरीत जातो.

साधंसरळ
मायएसक्यूएलची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून लिहितो. दहा वर्षं त्यावर पोट आहे माझं.

लोक अजून २००५ सालच्या तक्रारी सांगतात. मायआयसॅम या जुन्या साठवण-इंजिनात ट्रान्झॅक्शन नव्हती, खरं आहे, पण ५.५ पासून म्हणजे २०१० पासून डिफॉल्ट इनोडीबी हे इंजिन आहे, त्यात ती आहेत. रिपोर्टच्या क्वेऱ्यांना लागणारी विंडो फंक्शन आणि सीटीई ८.० मध्ये आली. बसत नसलेला आकडा गुपचूप कापून ठेवायची सवय ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डिफॉल्ट झाल्यावर गेली. एकाची दोन मशीन करायची म्हणजे रेप्लिका उभी करायची तर आजही मला मायएसक्यूएलइतकं सरळ काही वाटत नाही. आणि ज्या टेबलात ढीगभर इंडेक्स आहेत आणि सारखी अपडेट होतात तिथे इनोडीबीची रचना बरी पडते, दुय्यम इंडेक्समध्ये प्रायमरी की साठवलेली असते त्यामुळे ओळ बदलली तरी न बदललेल्या कॉलमांच्या इंडेक्सना हात लागत नाही. उबरने २०१६ मध्ये पोस्टग्रेसवरून मायएसक्यूएलवर गेल्याची कारणं लिहिली होती त्यात हा मोठा मुद्दा होता.

पण जे खरं ते खरं. मला ज्याचा सगळ्यात मोठा फटका बसला ते चेक कन्स्ट्रेंट. स्टॉकच्या टेबलवर आम्ही लिहिलं होतं, शिल्लक शून्याच्या खाली जाऊ नये. कमांड चालली, एरर नाही, वॉर्निंग नाही. दोन वर्षांनी वार्षिक मोजणीच्या वेळी यादीत उणे १४ नग दिसले. वजा चौदा खोकी शेल्फवर कशी ठेवणार? शोधत गेलो तर ८.०.१६ च्या आधी मायएसक्यूएल चेक कन्स्ट्रेंट वाचायचं आणि सोडून द्यायचं. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही होतं, आम्ही वाचलं नव्हतं. तर मायएसक्यूएल घ्या पण ८.४ वरच घ्या. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, कुणी त्यावर नवीन काम देत असेल तर सरळ नाही म्हणा.

मारियाडीबीचा प्रश्न येईलच म्हणून सांगून ठेवतो. मायएसक्यूएलची तेव्हाची मालक सन कंपनी ओरॅकलकडे जाणार म्हटल्यावर २००९ मध्ये मायएसक्यूएलच्याच मूळ निर्मात्याने ही वेगळी फांदी काढली. तेव्हा एकाच्या जागी दुसरा बसवता यायचा, आता दोघं इतके लांब गेलेत की बदल करताना नवा डेटाबेस समजूनच तपासायचं. उदाहरणार्थ जेसन कॉलम मायएसक्यूएलमध्ये स्वतंत्र बायनरी प्रकार आहे, मारियाडीबीत तो मजकूरच असतो.

नवशिकी
एक मूलभूत प्रश्न विचारू का? एसक्यूलाइट का नाही? ते तर एकच फाइल आहे, कॉपी केली की बॅकअप.

जुनाडीबीए
विचारा की, चांगला प्रश्न आहे. एसक्यूलाइट उत्तम आहे, एका मशीनवरच्या एका ॲपसाठी. पण एका वेळी एकच जण लिहू शकतो. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलीत लिहायची पद्धत) लावला तर वाचणारे थांबत नाहीत, लिहिणारा तरीही एकच. शिवाय फाइल नेटवर्कच्या शेअर फोल्डरवर ठेवून चार मशीनवरून उघडायचा मोह होतो आणि तिथे लॉकिंग दगा देतं, फाइल खराब होते. आणि चालू असताना नुसती कॉपी मारली तर तोही बॅकअप नव्हे, अर्धवट लिहिलेली फाइल हातात येऊ शकते. त्यासाठी त्यात वेगळी बॅकअप कमांड आहे. काउंटरवरच्या एकट्या मशीनला चालेल, ६० जणांच्या बिलिंगला नको.

नवशिकी
धन्यवाद काका. शेअर फोल्डरचं माहीत नव्हतं, आमच्याकडे नेमकं तसंच एक चालू आहे. उद्याच सांगते.

लिपीकार
सगळे वेगाबद्दल बोलताहेत, देवनागरीबद्दल कुणीच नाही. ग्राहकाचं नाव आणि पत्ता मराठीत ठेवणार असाल तर हे आधी बघा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या व्हारचार कॉलममध्ये मराठी टाकलं की ओळीने प्रश्नचिन्हं येतात. एनव्हारचार करावा लागतो. आणि कॉलम बदलला तरी इन्सर्टमधल्या मजकुराच्या आधी एन लावला नाही तर परत प्रश्नचिन्हंच. मी एका ठिकाणी अकरा हजार नावं अशी प्रश्नचिन्हं झालेली बघितलीयत आणि ती परत आणता येत नाहीत, कारण मूळ अक्षरं साठवलीच गेली नव्हती. २०१९ पासून यूटीएफ ८ कोलेशन (अक्षरं साठवायचे, जुळवायचे नि क्रम लावायचे नियम) आलंय तो दुसरा मार्ग.

ओरॅकलमध्ये व्हारचार२ च्या कंसात ५० लिहिलं की मुळात ते ५० बाइट असतात. देवनागरीचं एक एक चिन्ह यूटीएफ ८ मध्ये तीन बाइट घेतं, काना मात्रा वेलांटी धरून. म्हणजे पन्नासात सोळाच चिन्हं बसतात. 'कृष्णा' एवढंसं नाव घ्या, क, ऋकार, ष, हलन्त, ण, काना, झाली सहा चिन्हं म्हणजे अठरा बाइट. वडिलांचं नाव आणि आडनाव जोडायला गेलात की एरर येऊ शकतो. कंसात ५० च्या पुढे CHAR हा शब्द लिहावा लागतो, म्हणजे अक्षरं मोजली जातात.

मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ ८ या नावाचं जे आहे ते तीन बाइटपर्यंतच जातं. देवनागरी त्यात बसते, पण कुणी शेऱ्यात इमोजी टाकला की तो चार बाइटचा, तिथे अडतं. यूटीएफ ८ एमबी ४ हेच वापरा, ८.० पासून डिफॉल्ट तेच आहे.

पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस यूटीएफ ८ ठेवला की साठवण्याचा प्रश्न येत नाही आणि लांबी अक्षरात मोजतात. पण क्रमवारी तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीकडून घेतो. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ मध्ये क्रमवारीचे नियम बदलले आणि ज्यांनी डेटा तसाच ठेवून खालची सिस्टिम नवी केली त्यांचे मजकुरावरचे इंडेक्स बिघडले. ओळ टेबलात आहे, नजरेला दिसतेय, आणि शोधली की मिळत नाही. सिस्टिम बदलली की रीइंडेक्स म्हणजे इंडेक्स नव्याने बांधायचे, हे भिंतीवर लिहून ठेवा.

गोदामवाला
बाप रे, हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला.

माझा प्रश्न बिल नंबरचा. आमच्या अकाउंट्सला नंबर ओळीने लागतो, मध्ये एक जरी गाळला तर विचारणा होते. एसक्यूएल सर्व्हर एकदा अचानक बंद पडून चालू झाला आणि ४२१७ नंतर एकदम पाच हजारांच्या पुढचा नंबर आला. दिवसभर सगळे हजार बिलं कुठे गेली ते शोधत होते.

कोडकिडा
गेली कुठेच नाहीत. २०१२ पासून आयडेंटिटीचे (आपोआप वाढणाऱ्या कॉलमचे) नंबर आधीच राखून मेमरीत ठेवतात, इंट प्रकारच्या कॉलमला हजार आणि मोठ्या बिगइंटला दहा हजार, आणि अचानक बंद पडलं की न वापरलेले वाया जातात. २०१७ पासून हे बंद करायचं सेटिंग आहे. पण बंद करूनही उपयोग अर्धाच, कारण इन्सर्ट होऊन रोलबॅक झाला तर तो नंबर गेलाच. पोस्टग्रेसमध्ये नंबर देणाऱ्या सिक्वेन्सचं तेच, ओरॅकलचं तेच, तिथे मुळात २० नंबर राखीव. मायएसक्यूएलमध्ये ८.० च्या आधी तर उलटाच धोका होता, शेवटची ओळ डिलीट करून सर्व्हर रीस्टार्ट केला की तोच नंबर पुन्हा दिला जायचा.

बिल नंबर आणि प्रायमरी की या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा. प्रायमरी की कशीही उड्या मारू दे. बिल नंबरसाठी एक छोटं टेबल, मालिकेमागे एक ओळ, बिल सेव्ह होतं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ एकने वाढवायची आणि आलेला नंबर बिलाला लावायचा. ओळ लॉक होते म्हणून दोघांना एकच नंबर मिळत नाही, आणि बिल फसलं तर वाढही मागे जाते. एका मालिकेत एका वेळी एकच बिल सेव्ह होईल, दिवसाला हजार बिलांना ते कुठेच जाणवत नाही. मात्र नंबर अगदी शेवटी घ्या, नंबर घेऊन मग प्रिंटरची वाट बघत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका.

हिशेबवही
हे अगदी आमच्या घरातलं बोलताय तुम्ही सगळे. एक विचारायचं राहिलं. आमच्या जवळजवळ प्रत्येक रिपोर्टच्या क्वेरीत नोलॉक लिहिलेलं आहे. कुणीतरी फार पूर्वी सांगितलं की त्याने रिपोर्ट पळतात. ते बदलायला हवं का?

जुनाडीबीए
हो. आजच. डेटाबेस कुठलाही घ्या, हे आधी.

एसक्यूएल सर्व्हर मुळात वाचतानाही लॉक घेतो, म्हणून मोठा रिपोर्ट आणि बिलं लिहिणारे एकमेकांना अडवतात. नोलॉक लावलं की अडत नाही, पण कमिट न झालेलं वाचलं जातं, एखादी ओळ दोनदा येऊ शकते किंवा गळू शकते. एकच विक्री रिपोर्ट लागोपाठ दोनदा काढला आणि बेरीज वेगळी आली असं झालंय का कधी? त्याचं हे कारण असू शकतं. रीड कमिटेड स्नॅपशॉट हे सेटिंग एकदा चालू करा, एक्सप्रेसमध्येही आहे. मग वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ओरॅकल, पोस्टग्रेस आणि इनोडीबी मुळातच असे वागतात.

हिशेबवही
बेरीज वेगळी यायची!! आम्ही दर महिन्याला 'पुन्हा काढून बघ' म्हणायचो.

रात्रपाळी
आता बॅकअप. याबद्दल कुणी विचारलेलं नाही तरी लिहितो, कारण माझ्या मते डेटाबेस निवडायची कसोटी हीच आहे, की तो तुम्ही चौघं कुणालाही न विचारता परत उभा करू शकता का.

गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीची ३१ जानेवारी २०१७ ची घटना त्यांनी स्वतःच सविस्तर लिहून ठेवलीय. रात्री उशिरा एका इंजिनिअरने रेप्लिका (दुसरी प्रत) समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवली. लक्षात येईपर्यंत तीनशेएक जीबीतले थोडेच उरले. बॅकअप बघायला गेले तर रोजचा पीजी डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) बरेच दिवस फसत होता, कारण डंपचं टूल ९.२ चं आणि सर्व्हर ९.६ चा. फसल्याचे ईमेल जात होते पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी एकाने योगायोगाने सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट कामाला आला आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला. एवढी मोठी टीम, एवढे प्रकारचे बॅकअप, तरी.

तुमच्यासाठी सोपी परीक्षा. ज्या डेटाबेसचा विचार करताय त्यात तुमचा ९ जीबी भरा, बॅकअप घ्या आणि टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला कोऱ्या मशीनवर तो परत उभा करायला सांगा. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. किती वेळ लागला आणि काय काय राहिलं ते लिहून काढा.

साधंसरळ
हे पटलं. मायएसक्यूएलवाले असाल तर डंप घेताना सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय विसरू नका, नाहीतर वेगवेगळी टेबलं वेगवेगळ्या क्षणांची येऊ शकतात.

हिशेबवही
पाच आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल माफ करा. सांगितलेलं सगळं करून बघितलं म्हणून इथेच लिहिते, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

रीड कमिटेड स्नॅपशॉट पहिल्या आठवड्यात चालू केलं आणि नोलॉक काढून टाकले. महिनाअखेरीची बेरीज पहिल्यांदा दोनदा सारखी आली. आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी तिसऱ्यांदा काढून बघितली, विश्वास बसेना त्यांचा.

मग जुना डेटा वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवला. मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी आहे त्यामुळे आता ६ जीबीवर आलोय आणि घाई संपली. त्यानंतर शांतपणे पोस्टग्रेसची चाचणी घेतली. ७० प्रोसिजरपैकी १९ कुणीच वापरत नव्हतं. चाळीसेक नावं आणि फंक्शनं बदलून चालल्या. अकराने घाम काढला, त्यात तात्पुरती टेबलं, कर्सर आणि तारखांची गणितं.

पण जिथे सगळ्यात जास्त अडलं ते या धाग्यात कुणी सांगितलं नव्हतं. एसक्यूएल सर्व्हरचं आमचं कोलेशन लहान-मोठी अक्षरं एकच मानायचं. वस्तूंचे कोड रोमन अक्षरांत आहेत, कुणी लहान लिपीत टाइप करतं कुणी मोठ्या. पोस्टग्रेसमध्ये ते वेगळे ठरले, शोध रिकामा यायला लागला आणि त्याहून वाईट म्हणजे एकाच कोडच्या दोन वस्तू तयार व्हायला लागल्या. शेवटी सगळे कोड मोठ्या अक्षरात करून घेतले आणि चेक कन्स्ट्रेंट लावला, जो इथे खरंच अडवतो, मुद्दाम चुकीचं टाकून बघितलं.

मायएसक्यूएललाही तोच डेटा देऊन बघितला, वेगात आम्हाला काही फरक कळला नाही. स्कीमा बदल रोलबॅक होतो यावर डेव्हलपरांचं मत पडलं आणि ॲक्सेस लायसन्स मोजत बसायचं नाही यावर मॅनेजरांचं. पोस्टग्रेस ठरलं. वेबसाइटचं मायएसक्यूएल आहे तिथेच राहील, ते नीट चाललंय.

रात्रपाळींनी सांगितलेली परीक्षा शनिवारी घेतली. आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीने कोऱ्या मशीनवर रिस्टोअर केलं, ४७ मिनिटं. आम्ही तिघं मागे बसून होतो, बोलायचं नाही हे फार अवघड जातं. डेटा सगळा आला पण ॲप लॉगिन करेना. पीजी डंपमध्ये युजर आणि रोल येत नाहीत, ते पीजी डंपऑलने ग्लोबल्स वेगळे काढावे लागतात. आता रोजच्या जॉबमध्ये दोन्ही फाइली निघतात. पण रिस्टोअर केलेल्या मशीनवर स्टॉकचा रिपोर्ट नऊ मिनिटं झाली तरी फिरतोच आहे, आधी चार सेकंदांत यायचा. इंडेक्स सगळे आहेत, मोजले.

रात्रपाळी
वा, अभिनंदन त्या मुलीचं आधी. ॲनालाइझ चालवलंत का? डंपबरोबर सहसा आकडेवारी येत नाही, क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या प्लॅनरला टेबलात किती ओळी आहेत तेच माहीत नसतं. ऑटोव्हॅक्युम करेल कधीतरी, पण थांबू नका.

हिशेबवही
नाही चालवलं. आत्ता चालवते.

हिशेबवही
साडेतीन सेकंद. रिस्टोअरच्या कागदावर सातवी पायरी म्हणून तिनेच तिच्या हाताने लिहिलं.